ठराव आत्ताच मांडावा की निवडणूक होऊ द्यावी? पक्षातले मवाळ आणि पुरोगामी

काळीमाती
राजेहो, सल्ला पाहिजे. पक्षाचं नाव लिहीत नाही. नाव आलं की सगळी चर्चा तिकडेच जाते आणि मूळ मुद्दा राहून जातो.

यवतमाळ जिल्ह्यातला आमचा तालुका. तालुका कार्यकारिणीत सरळ दोन फळ्या आहेत. एकीकडे जुनी मंडळी: सोसायटी, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती सांभाळलेली. त्यांचं म्हणणं, कोणालाच दुखवू नका, आधी जिंकू. दुसरीकडे आम्ही काही जण. आम्ही ठरावाचा मसुदा केला. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक, गावच्या ई-क्लासवर, म्हणजे चराईसाठी राखलेल्या सरकारी गायरानावर, वर्षानुवर्षं वाहिती करणाऱ्या भूमिहीनांच्या बाजूनं पक्षानं उभं राहावं. नोटीस आली तर पक्षाचा माणूस त्यांच्यासोबत तहसीलला जावा. दोन, कार्यकारिणीवरच्या प्रत्येक शेतकऱ्यानं आधी आपल्या सात-बाऱ्यावर बायकोचं नाव चढवावं, मग गावाला सांगावं.

मागच्या बैठकीत अध्यक्षांनी कागद पूर्ण वाचला, घडी घालून रजिस्टरखाली सरकवला आणि म्हणाले, "पोरांनो, चांगलं लिहिलं. निवडणुकीनंतर घेऊ." तेवढ्यात चहा आला, लोक उठले. इतिवृत्तात ठरावाचा उल्लेखही नाही.

माझं मत असं की पक्ष सोडायचा नाही, पण ठराव मतदानाला टाकायचाच. हरलो तर हरलो. कोण कुठं उभं आहे ते कागदावर तरी येईल. आमच्यातल्या काहींना बाहेर पडून वेगळी आघाडी करायची आहे. तुम्ही काय केलं असतं?

जुना_पुसदकर
बाळा, तुझी तळमळ कळते. पण मी "थांबा" म्हणणाऱ्यांतला आहे, म्हणून माझी बाजूही ऐकून घे.

ई-क्लास म्हणजे रिकामी पडलेली जमीन नाही. तिथं गावाची ढोरं चरतात. आमच्या गावचा गायकी, म्हणजे गावची ढोरं राखणारा, स्वतः भूमिहीन आहे. त्याच्या बापाची आणि आज्याचीही एक गुंठा जमीन नव्हती. ई-क्लास वाहितीखाली गेली आणि त्यानं कळप धुऱ्याधुऱ्यानं नेला, तर कोणाच्या तरी पराटीत ढोरं शिरली म्हणून मार यानंच खाल्ला. ज्या बाईकडं फक्त चार शेळ्या आहेत, तिचं पोटही त्याच जमिनीवर आहे. तुमच्या ठरावात हे दोघं कुठं आहेत? एका गरिबाच्या बाजूनं उभं राहताना दुसऱ्या गरिबाचा चारा जात असेल, तर गावात बसून बोलावं लागतं. दीड पानाच्या ठरावानं ते होत नाही.

आणि पाच एकर कोरडवाहूवाला काही जमीनदार नव्हे. कापसाचा भाव पडला की त्याचं घर मजुराच्या घराइतकंच अडचणीत येतं. त्याला प्रतिगामी म्हणून मोकळं होऊ नका. तो आपल्यापासून तुटला की कोणाकडं जातो ते तुम्हाला माहीत आहे.

वऱ्हाडी_ठेचा
काका, चराईचं तुमचं बराबर हाये. पन "निवडनुकीनंतर" म्हनजे कवा? पंचायत समिती झाली की सोसायटी येते, सोसायटी झाली की बाजार समिती, मंग ग्रामपंचायत, मंग विधानसभा. मृग सरल्यावर पेरतो म्हनल्यासारखं हाये हे. मी कालेजात होतो तवापासून आयकून रायलो.

अंबापेठेतला
काळीमाती, तुमचं भांडण वऱ्हाडाला नवीन नाही. काँग्रेसमधले मवाळ आणि जहाल आमच्या अमरावतीत एकाच बारमध्ये वकिली करत होते. दादासाहेब खापर्डे टिळकांचे खंदे साथीदार. रंगनाथ नरसिंह मुधोळकर पक्के मवाळ, पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष. १८९७ ला काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. तेव्हा दोन्ही बाजू एका मांडवात होत्या.

दहा वर्षांनी काय झालं? १९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. नागपुरात टिळकांच्या बाजूचं वजन जास्त, अध्यक्ष कोण यावरून स्वागत समितीतच रण माजलं, म्हणून मवाळ पुढाऱ्यांनी अधिवेशन सुरतेला हलवलं. सुरतेला अध्यक्ष रासबिहारी घोष यांच्यासमोर खुर्च्या उडाल्या. व्यासपीठावर भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. पक्ष फुटला. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या त्या १९१६ ला, लखनौत. मधल्या काळात मवाळांकडं संघटना राहिली पण तरुण राहिले नाहीत, आणि जहालांकडं तरुण होते पण बसायला जागा नव्हती. फायदा सरकारचा झाला. म्हणून सांगतो, बाहेर पडू नका.

वऱ्हाडी_ठेचा
म्हनजे खुर्च्या नागपुरात उडनार होत्या अन् सुरतेत उडाल्या! मंडपवाल्याचं नुकसान कोनं भरलं असन?

निळी_पहाट
अंबापेठेतला, इतिहास नीट सांगितलात, पण त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. टिळक-खापर्डे आपणहून निघून गेले नव्हते. १९०८ ला मवाळांनी काँग्रेसची नवी घटना केली आणि प्रतिनिधी व्हायचं तर आधी आमच्या ध्येयधोरणावर सही करा अशी अट घातली. दार आतून लावलं होतं. म्हणजे "बाहेर पडू नका" हा उपदेश ठराव मांडणाऱ्याला करण्याआधी दार लावणाऱ्याला करायला हवा.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांत दोन गट पडले: बी. सी. कांबळे यांचा "दुरुस्त" आणि दादासाहेब गायकवाडांचा "नादुरुस्त". कांबळे गटाचा भर घटनात्मक मार्गावर. गायकवाडांचं म्हणणं, आपला माणूस भूमिहीन शेतमजूर आहे, त्याच्यासाठी रस्त्यावर उतरावं लागेल, आणि त्यासाठी डाव्यांसोबत जावं लागलं तर जाऊ. माझा आजा गायकवाडांच्या बाजूचा. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तो जेलात गेला. घरात ताम्रपट नाही की काही नाही, पण जेलमधून आणलेलं जर्मनचं ताट आजीनं शेवटपर्यंत वापरलं.

फाटाफुटीनं पक्षाचं वाटोळं झालं हे मी नाकारत नाही. पण ते दोन गट जमिनीच्या प्रश्नावर निदान उघड भांडले. पुढच्या फुटी कशावरून झाल्या हे विचारलं तर कोणालाही धड सांगता येत नाही.

आणि पुसदकर काका, गायरान भूमिहीनांना द्या ही मागणी हवेतली नाही. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करण्याचा. तो कागद निघाला तो कोणी निवडणुकीनंतर पाहू म्हणत बसलं म्हणून निघाला नाही.

धाबेकरांचा_नातू
अवांतर: खापर्डे शिर्डीला साईबाबांकडं जाऊन राहिले होते आणि रोजनिशी लिहायचे ना? आमचे आजोबा फार सांगायचे.

अंबापेठेतला
हो, तेच खापर्डे. १९११-१२ मध्ये शिर्डीत मुक्काम होता, तेव्हाच्या नोंदी आहेत. पण धागा वाहवत जाईल, वेगळा काढा, मी येतो तिथं.

दिग्रस_ते_न्यूजर्सी
इकडचं सांगतो, कारण डेमोक्रॅटिक पक्षात नेमकं हेच भांडण चालू आहे आणि त्यात काळीमातीच्या कामाची एक गोष्ट आहे.

२०२१ मध्ये त्यांच्याकडं दोन विधेयकं होती. एक रस्ते-पूल वगैरेचं, मवाळांना आवडणारं, रिपब्लिकनांपैकीही काहींचा पाठिंबा असलेलं. दुसरं सामाजिक खर्चाचं: बालसंगोपन, आरोग्य, हवामान. हे पुरोगामी गटाचं. पुरोगाम्यांनी ताणून धरलं की दोन्ही एकत्रच पुढं जातील. काही महिने धरून ठेवलं. मग "तुमचं नंतर नक्की करू" असा शब्द मिळाला आणि ५ नोव्हेंबरला पहिलं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. पुरोगाम्यांपैकी फक्त सहा जणांनी विरोधात मत दिलं. दुसरं विधेयक प्रतिनिधिगृहात पास झालं, पण डिसेंबरात सिनेटर जो मँचिन यांनी आपण मत देणार नाही असं सांगितलं आणि ते तिथंच अडकलं. त्यातलं बरंच गळून, छोटं होऊन २०२२ च्या ऑगस्टमध्ये वेगळ्या नावानं आलं. त्यात हवामानाचं राहिलं, बालसंगोपनाचं गेलं.

तेव्हा "नंतर" या शब्दावर गाठ सोडू नका. जुन्या लोकांना निवडणुकीत तुमच्या पोरांचे पाय लागतात. हीच वेळ आहे.

दुसरी गोष्ट, इथं उमेदवार कोण हे पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ या तरुणीनं जो क्राउली या पक्षातल्या बड्या नेत्याला तिथंच हरवलं. त्यामुळं पुरोगाम्यांना पक्ष न फोडता ताकद दाखवायला जागा मिळते. आपल्याकडं ती जागाच नाही.

वणीचा_वकील
न्यूजर्सीकरांनी शेवटी लिहिलं तेच कळीचं आहे. आपल्याकडं उमेदवारी एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षानं अधिकृत उमेदवार म्हणून दिलेल्या कागदावर, ठरते आणि तो फॉर्म वरून येतो. तो ज्याच्या खिशात, तालुक्यातली सगळी तत्त्वं त्याच्याभोवती फिरतात. निवडून आल्यावरही व्हिप आहेच. आमदार-खासदारांना १९८५ चं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आणि जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या सदस्यांना आपल्या राज्याचा १९८६ चा अनर्हता कायदा. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध हात वर केला की पद जाऊ शकतं.

पण हा कायदा कार्यकारिणीच्या बैठकीला लागू नाही. तिथं विरोधात मत दिलं म्हणून कोणाचं पद कायद्यानं जात नाही. मतभेदाला कायद्यानं मोकळी ठेवलेली जागा उरली आहे ती तालुक्याच्या त्या खोलीतच, आणि आपण तिथं चहा पिऊन उठतो. काळीमाती, पक्षाची घटना मागवा. ठरावाला सूचक, अनुमोदक आणि किती दिवसांची पूर्वसूचना लागते ते पाहा. सूचना लेखी द्या, पोच घ्या. मग इतिवृत्तात न घेणं अवघड जातं.

सेलू_वर्धा
ठराव मंजूर झाला म्हणजे झालं असं समजू नका. जानेवारी १९५९ ला काँग्रेसचं अधिवेशन नागपुरातच झालं. तिथं सहकारी शेतीचा ठराव झाला, जमिनीच्या कमाल मर्यादेचाही. नेहरूंचा पूर्ण जोर होता. चरणसिंगांनी भर अधिवेशनात उभं राहून विरोध केला. बाकी अनेकांनी हात वर केले आणि आपापल्या राज्यात जाऊन ठराव गुंडाळून ठेवला, कारण पक्षातले वजनदार लोक स्वतः जमीनवाले होते. तिकडं राजाजी आणि मिनू मसानींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. ज्यांनी उघड विरोध केला त्यांच्याशी निदान वाद तरी घालता आला. हात वर करून घरी जाऊन काहीच न करणाऱ्यांचं काय करायचं?

माझे वडील वर्ध्याच्या त्या वातावरणात वाढले. विनोबांचं पवनार आमच्यापासून जवळ. भूदानात गावोगावी जमिनी जाहीर झाल्या, पण कोणती जमीन कोणाच्या ताब्यात गेली हे पाहायला गावात माणूस राहिला नाही, म्हणून वडील फार खंतावायचे. तुमच्या ठरावात "पक्षाचा माणूस तहसीलला सोबत जाईल" हे वाक्य आहे ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याच्यापुढं त्या माणसाचं नाव लिहा.

बचतगट_ताई
सगळे दादा-काका ई-क्लासवरच बोलत आहेत. ठरावातला दुसरा मुद्दा कोणी वाचलाच नाही वाटतं.

माझा दीर गेला तेव्हा शेती सासऱ्यांच्याच नावावर होती. जावेचं नाव कुठंच नव्हतं. पीककर्ज सासऱ्यांच्या नावावर, कृषी केंद्राची उधारी दिराच्या नावावर, आणि देणेकरी दारात आला की उभी राहायची ती जाऊ. मदतीच्या अर्जाला पहिला प्रश्न सात-बाऱ्याचा. ती तलाठी कार्यालयाबाहेर पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि मृत्यूचा दाखला घेऊन बसायची. प्रत्येक वेळी एक कागद कमी निघायचा. पक्षाची मंडळी भेटायला आली, फोटो काढले, साडी दिली. फेरफारासाठी सोबत एकही आलं नाही. त्यात मवाळही होते आणि भाषणात सावित्रीबाईंचं नाव घेणारेही होते.

काळीमाती भाऊ, तुम्हालाही विचारते. मसुदा करताना एक तरी बाई होती का? बैठक तुम्ही सकाळी अकराला ठेवता, निंदणाच्या दिवसांत. जी मजुरीला जाते ती रोज पाडून येईल का? २०११ पासून स्थानिक संस्थांत अर्ध्या जागा आमच्या आहेत. सरपंच होऊन बाया पाणीपुरवठ्याच्या टाकीपासून घरकुलाच्या यादीपर्यंत सगळं सांभाळतात. तुमच्या कार्यकारिणीत मात्र महिला आघाडी म्हणजे हळदीकुंकू. आधी हे सुधारा, मग आम्ही तुम्हाला पुरोगामी म्हणू.

लालबिल्ला
ताई, मनापासून पटलं. या मुद्द्यावर माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. मी शेतकरी संघटनेचा जुना बिल्लेवाला. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला आमच्या गावातून गाडी भरून बाया गेल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मी मुक्ती काढली. ज्या गावात शंभर जण आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील त्या गावात मी येईन, असं ते म्हणत. संघटना अर्थकारणात खुल्या बाजाराची, पुरोगामी म्हणवणारे आम्हाला जवळही करत नसत. पण बायकांच्या नावे जमीन आमच्या धोतर-टोपीवाल्या गड्यांनी केली, घरात वाद घालून, भावांचे रुसवे सोसून.

ते जमलं कारण त्यांना मागासलेले म्हणून कोणी हिणवलं नाही. कांद्या-कापसाच्या भावासाठी सोबत लाठ्या खाल्लेला माणूस ते मागत होता. तुमच्या जुन्या मंडळींनाही मागा. अध्यक्षांच्या घरी जा आणि त्यांच्या बायकोसमोर मागा.

वऱ्हाडी_ठेचा
बिल्लेवाले काका, अध्यक्षाच्या घरी जायाची आयडिया जबरदस्त. वैनी चहा पन चांगला करते.

भंडाऱ्याचा_भात
आमच्याकडं ई-क्लास नाही, झुडपी जंगल आहे, म्हणजे खुरट्या झुडपांची सरकारी जमीन. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनच असं ठरवलं. १२ डिसेंबर १९९६ आधीच्या वाटपांसाठी राज्यानं केंद्राची मंजुरी मागावी असंही सांगितलं. आमच्या गावात आता सगळेच घाबरलेत, घरवालेही आणि शेतवालेही. पक्षातल्या दोन्ही गटांकडं गेलो. एकानं भाषण दिलं, दुसऱ्यानं धीर धरा म्हटलं. कोर्टाचा निकाल कोणीच वाचलेला नव्हता.

निळी_पहाट
भंडाऱ्याचा_भात, गायरानाचंही तसंच. २०११ ला जगपालसिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. २०२२ ला आपल्या हायकोर्टाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा आल्या तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. १९९१ च्या निर्णयात बसणारे कितीतरी जण होते, पुरावा मात्र कोणाकडं नीट नव्हता. जुन्या सात-बाऱ्यावरची अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, हे गोळा करून द्यायचं काम पक्षाचं आहे. त्याला मवाळही नाही म्हणू शकत नाही.

धानोरा_रोड
गडचिरोलीतून. मतदान घ्या असं सगळे सांगत आहेत, म्हणून वेगळं लिहितो. आमच्या शेजारच्या मेंढा-लेखात ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला जातो आणि मधल्या काळात त्या माणसाशी बोलणं होतं. वेळ लागतो. पण २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबू कोणी, कधी आणि किती तोडायचा हे गावानं ठरवलं आणि ते पाळलं गेलं. तुमच्या ठरावावर मतदानात अकरा विरुद्ध नऊ झालं, तर ते नऊ जण गावात जाऊन काय करतील?

काळीमाती
दादा, मेंढ्यात पुढची सभा खरोखर होते. आमच्याकडं विषय पुढं ढकलला म्हणजे गाडला. म्हणून मला मतदान हवं आहे. पण बोलणं त्याच्या आधी झालं पाहिजे, हे मान्य.

आता काय करतो ते सांगतो. पूर्वसूचना लेखी देणार आणि ती उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीच्या बैठकीसाठी देणार. न्यूजर्सीकर म्हणतात तसं, प्रचाराचं वेळापत्रक आणि ठराव एकाच दिवशी. सोबत जाणाऱ्या माणसांत पहिलं नाव माझं. बचतगट ताई, मसुदा आता तीन मजूर बायांसोबत बसून पुन्हा लिहितो आहोत, आणि सात-बाऱ्याचा मुद्दा पहिला घेतला आहे. बैठक संध्याकाळी सातनंतर.

बाहेर पडायचं म्हणणाऱ्या पोरांना हा धागा वाचायला दिला. एक अजूनही तयार नाही. म्हणतो, दार आतून लावलेलंच आहे.

जुना_पुसदकर
काळीमाती, एक कर. ठरावात ई-क्लासचे गट नंबर घाल. कोणत्या गटात वाहिती आहे, कोणत्या गटात चराई आणि ढोरांची पाण्याची वाट कुठून जाते, हे गावाला सोबत घेऊन मोजून लिही. चराईचा भाग वेगळा राखला असं वाक्य त्यात आलं तर तुमच्या तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या जुन्या माणसांशी मी स्वतः बोलतो. अनुमोदक मिळेल. नाही आलं, तर मी त्यांना विरोधात मत द्यायला सांगेन, आणि ते तोंडावर सांगेन.

वणीचा_वकील
काका, हे असं लेखी आलं की काम सोपं होतं. काळीमाती, १९९१ च्या निर्णयाची प्रत लागली तर सांगा.

काळीमाती
प्रत पाहिजेच, वकीलसाहेब. पुसदकर काका, अट मंजूर. रविवारी सकाळी पहिल्या गावापासून सुरू करतो. गायकीला निरोप दिला आहे.

बचतगट_ताई
त्याच्या घरच्या बाईलाही बोलवा. शेळ्या तीच चारते, वाट तिलाच जास्त माहीत.